परीक्षकाची ‘बाइक’ म्हणजे आपली सायकल! आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये लहानपणीच्या सायकलवर काय बोलायचं?

“डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर अ चाइल्ड?”

आयईएलटीएसच्या स्पीकिंग परीक्षेत पहिल्या चार-पाच मिनिटांत येणाऱ्या प्रश्नांपैकी हा एक. लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का, एवढंच विचारलंय. पण आपल्याकडे सायकल म्हणजे सायकल आणि बाइक म्हणजे मोटारसायकल. त्यामुळे चंद्रपूर किंवा गडचिरोलीचा विद्यार्थी सांगून मोकळा होऊ शकतो की लहानपणी कुठली बाइक, ती तर बाबांकडे होती, मी अठराव्या वर्षी लायसन्स काढलं. इंग्रजी बरोबर, उत्तर भलत्याच गाडीचं.

शंका आली तर सरळ विचारावं, “डू यू मीन अ बायसिकल?” असं विचारल्याने मार्क जात नाहीत.

हे एवढं महत्त्वाचं का?

राज्य सरकारच्या अनुसूचित जाती आणि जमातींसाठी परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्या मिळवायच्या असोत की स्वतःच्या खर्चाने जायचं असो, परदेशातली बहुतेक विद्यापीठं इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात. अनेक ठिकाणी तर लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग या चारही भागांत वेगवेगळा किमान बँड लागतो. म्हणजे रीडिंगमध्ये कितीही चांगलं केलं, तरी स्पीकिंगची कसर भरून निघत नाही. परीक्षेची फी 15 हजारांहून जास्त, शिवाय नागपूरपर्यंतचा प्रवास. पुन्हा देऊ म्हणणं प्रत्येकाला परवडत नाही.

स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. चार गोष्टींना समान वजन मिळतं: न अडखळता, मुद्द्याला धरून बोलणं, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. ‘इंग्रजांसारखा’ ॲक्सेंट कोणी मागत नाही, बोललेलं कळलं पाहिजे. तुमच्याकडे खरंच सायकल होती का, हेही कोणी तपासत नाही.

तरी खरं बोललेलंच सोपं पडतं. “सायक्लिंग इज अ वंडरफुल अँड इको-फ्रेंडली ॲक्टिव्हिटी” अशी पाठ केलेली वाक्यं परीक्षकाने ढिगाने ऐकलेली असतात. पाठांतर त्याच्या लक्षात येतं आणि ते अंगाशी येतं. पुढचा प्रश्न “तुम्हाला कोणी शिकवली?” असा आला की पाठ केलेला माणूस गप्प होतो. ज्याने खरंच गुडघे फोडून घेतलेत, तो बोलत राहतो.

बाबांची मोठी सायकल, सीटवर बसलं की पाय पोचत नाहीत, मग नळीखालून पाय घालून कैची मारत चालवायची. गावाकडच्या कितीतरी जणांची सुरुवात अशीच झाली. हेच इंग्रजीत सांगितलं तर?

“येस, बट इट वॉजन्ट रिअली माइन. इट वॉज माय फादर्स, अँड इट वॉज सो बिग दॅट आय हॅड टू पुट वन लेग अंडर द बार टू रीच द पेडल्स.”

यात एकही जड शब्द नाही. पण भूतकाळ नीट सांभाळलाय, कारण दिलंय आणि वाक्याला वाक्य जोडलंय. पहिल्या भागात अशी दोन-तीन वाक्यं पुरतात. नुसतं “येस, आय हॅड” म्हणून थांबलं तर परीक्षकाला ऐकायला काही उरत नाही.

गडचिरोलीसारख्या भागात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. ज्या मुलीला अशी सायकल मिळाली, तिच्याकडे तर तयार उत्तर आहे: “आय गॉट माय फर्स्ट बाइक फ्रॉम अ गव्हर्नमेंट स्कीम. बिफोर दॅट, आय यूज्ड टू वॉक टू स्कूल.” आणि कोणी आश्रमशाळेत राहून शिकलं असेल, सायकल कधी नव्हतीच, तर “नो”सुद्धा पूर्ण उत्तर होऊ शकतं: “नो, आय डिडन्ट. आय लिव्ह्ड इन अ स्कूल हॉस्टेल, सो आय डिडन्ट नीड वन.” कमीपणा वाटून खोटी सायकल उभी करायची गरज नाही.

मराठी कुठे घात करते?

‘चालवणे’ या एका क्रियापदात. मराठीत सायकलही चालवतात, ट्रकही चालवतात आणि घरही. इंग्रजीत कार ‘ड्राइव्ह’ करतात, सायकल ‘राइड’ करतात. “आय ड्राइव्ह सायकल” ही बहुधा सगळ्यात जास्त होणारी चूक. भूतकाळात ‘राइडेड’ नाही, ‘रोड’. “मी सायकल शिकलो” याचं “आय लर्न्ड सायकल” होत नाही, “आय लर्न्ड टू राइड अ बाइक” होतं. आपण सहज म्हणतो “चालवायचो”, तिथे इंग्रजीत ‘यूज्ड टू’ बसतं: “आय यूज्ड टू राइड टू द रिव्हर.” सायकल ‘पंक्चर झाली’ याचं ‘बिकेम पंक्चर’ करू नये, “आय गॉट अ पंक्चर” म्हणावं. चेन उतरली तर “द चेन केम ऑफ”, तोल गेला तर “आय लॉस्ट माय बॅलन्स”, गुडघा खरचटला तर “आय स्क्रेप्ड माय नी”. पांदण रस्त्याला ‘डर्ट ट्रॅक’ चालतं.

यानंतर अनेकदा विचारतात, आता सायकल चालवता का? इथे या दोन जिल्ह्यांतल्या मुलांकडे असं उत्तर आहे, जे पुण्या-मुंबईच्या मुलाकडे नसतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर संध्याकाळी सायकल काढायची तर वाघाचा विचार करावा लागतो. “नॉट मच. द रोड टू माय व्हिलेज गोज थ्रू द फॉरेस्ट, अँड देअर आर टायगर्स, सो इट इजन्ट सेफ आफ्टर डार्क.” परीक्षकाने आणखी विचारलंच, तर बोलायला भरपूर आहे. मोहफुलं वेचायला पहाटे जाणारी माणसं, तेंदूपत्त्याचा हंगाम, सगळं साध्या इंग्रजीत सांगता येतं. फक्त ‘मोह’ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावं: “इट्स अ फ्लॉवर पीपल कलेक्ट फ्रॉम द फॉरेस्ट.”

सरावासाठी फोनचा रेकॉर्डर पुरतो. प्रश्न एकदा मोठ्याने वाचायचा, लिहून न काढता अर्धा मिनिट बोलायचं आणि ऐकायचं. ऐकताना फक्त क्रियापदांकडे लक्ष द्यावं. लहानपणीची गोष्ट सांगताना मध्येच “आय गो”, “ही टेल मी” असा वर्तमानकाळ घुसतो. बोलताना तो कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये लगेच कानाला लागतो. तेच उत्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावं, पण वेगळ्या वाक्याने सुरुवात करून.