दिवा कोण दुरुस्त करणार?

लहानपणी करमाडला आम्ही रॉकेलच्या चिमणीपुढे अभ्यास करायचो. सकाळी नाकात काजळी असायची. पुढे कुणीतरी फुकट सौरकंदील वाटले. बॅटऱ्या संपल्या आणि कंदील माळ्यावर गेले, कारण गावात दुरुस्त करणारा कुणी नव्हता.

१९९५ मध्ये बेंगळुरूत हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी सेल्को कंपनी काढली. दिवा बँकेच्या कर्जावर, हप्ता गिऱ्हाइकाच्या कमाईप्रमाणे आणि दुरुस्ती जवळच, ही तिची रीत. २०१४ च्या सुमारास आयआयटी मुंबईने महाराष्ट्रासह चार राज्यांत गावातल्याच माणसांकडून दहा लाख अभ्यासदिवे जोडून घेण्याचे काम हाती घेतले. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांना. उरलेला भार अनुदानावर.

मंडळी, अनुदान कधीतरी आटतेच. मागे उरतो तो डाख द्यायला शिकलेला हात. त्याचे पोट त्यावर भरले, तरच दिवा तेवत राहतो.