भरण : एका शब्दाचा इतिहास

आपल्या नांदेड-लातूरकडे ‘भरणें’ या शब्दावांचून एकही दिवस जात नाहीं. पोळींत पुरण भरतात, करंजींत सारण, वांग्यांत मसाला, गादींत कापूस. वासरूं मेलें असतां त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें गाईपुढें ठेवीत व तिला पान्हा सोडावयास लावीत. घराच्या भिंतीच्या पोटांत घालतात ती दगडमातीही भरणच होय. या शब्दाचा अल्पसा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम पुरणाकडे पाहूं. हा शब्द संस्कृत ‘पूरण’ यापासून निघाला; त्याचा अर्थ भरणें, पुरें करणें. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. त्यांतील ‘पुराण’ हा शब्द कानाला जवळचा वाटला तरी ‘पुरा’ म्हणजे पूर्वीं, यावरून आलेला आहे. दोहोंचें नातें नाहीं.

पदार्थ भरून करण्याची रीत मात्र आपल्या भागांत फार जुनी. लातूरच्या आग्नेयेस कल्याणी, म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवाचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सन ११३० च्या सुमाराचा आहे. वाटलेला हरभरा कणकेंत भरून केलेल्या ‘वेष्टिके’चें वर्णन त्यांत आढळतें. वेष्टिका म्हणजे गुंडाळलेली. तीच आजची पुरणपोळी, असें आम्ही म्हणत नाहीं. घराणें एक आहे, इतकेंच. भरल्या वांग्यांतील मिरची व शेंगदाणा हे तर मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीज आल्यानंतर ते आपल्याकडे आले. वेष्टण जुनें राहतें, भरण काळाप्रमाणें बदलतें.

परंतु नुसतें भरून काम भागत नाहीं. करंजीची कड नीट दाबली नाहीं तर सारण तेलांत उतरतें. पिंजारी कापूस पिंजून गादींत भरतो, तेवढ्यावर थांबत नाहीं. मोठ्या सुईनें ठिकठिकाणीं आरपार टाके घालतो. ते टाके नसतील तर कापूस एका कोपऱ्यांत गोळा होतो. भरण धरून ठेवणारें कांहीं तरी दोन्ही बाजूंना बांधलेलें असावें लागतें.

हा लहानसा नियम भिंतीस किती लागू आहे, तें आपल्या भागानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पाहिलें. त्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरांत भूकंप झाला व आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. तेथील घरांच्या भिंती जाड होत्या. बाहेरून दगडांचा एक थर, आंतून दुसरा, व मध्यें लहान दगड आणि मातीचें भरण. माथ्यावर मातीचें जड माळवद. जाडी पाहून लोकांना त्या बळकट वाटत. पण दोन थरांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणीं नव्हते. धक्का बसतांच थर अलग झाले, मधल्या भरणानें त्यांना बाहेर लोटलें, आणि निजलेल्या माणसांवर माळवद आलें.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जीं जुनीं घरें उभीं राहिलीं, त्यांच्या दुरुस्तीसाठीं भिंतींना भोकें पाडून लोखंडी गज व काँक्रीटचे आरपार बांध घालण्याची रीत सांगितली गेली. पिंजाऱ्याचा टाका तो हाच.

अशा दुहेरी भिंतींचीं घरें आपल्या खेड्यापाड्यांतून अद्यापि आहेत, आणि त्यांत आपलींच माणसें राहतात. तरी आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे, कीं पुढील डागडुजीच्या वेळीं गवंड्यास भिंतीची जाडी विचारून समाधान मानूं नये. तिच्यांत आरपार दगड किती आहेत, हें विचारावें.