शाफ्टभोवतीची फट : नगर जिल्ह्याच्या यंत्रेतिहासातील एक प्रकरण

सहकारी साखर कारखानदारीच्या इतिहासात भांडवल, पाटपाणी, ऊस आणि नेतृत्व यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने कारखान्यातील यंत्रांचा इतिहास उपेक्षित राहिला. त्या इतिहासातील एक अगदी लहान भाग प्रस्तुत लेखाचा विषय आहे : फिरता शाफ्ट यंत्राच्या कवचातून बाहेर येतो तेथील फट बंद करण्याचे साधन. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्रात पाण्याऐवजी विषारी व ज्वालाग्राही वायू असला म्हणजे या फटीवर जवळ उभ्या असलेल्या माणसाचे प्राण अवलंबून असतात.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी लोणी येथे 1950 साली साखर कारखाना उभा राहिला. त्या पिढीच्या कारखान्यांत या फटीवरचा उपाय एकच होता, तो म्हणजे ग्लँड. शाफ्टभोवती चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे भरावयाचे आणि वरून ग्लँड आवळावयाचा. हा उपाय जेम्स वॉटच्या वाफेच्या एंजिनाइतका जुना आहे. त्यानेही दट्ट्याच्या दांड्याभोवती ताग व चरबीच भरली होती. नगर जिल्ह्यातील विहिरींवर ऑइल एंजिने व पंप आले तेव्हा ग्लँडची दोरी बागाइतदाराच्याही परिचयाची झाली. तिचा एक नियम असा की, ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळत राहिलेच पाहिजे. ते थांबवावे म्हणून फार आवळले, तर दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतात. या साधनात गळती हा दोष नसून वंगण होते.

साखरेच्या निर्वात पॅनमुळे मात्र हाच प्रश्न उलटा झाला. तेथे आतून बाहेर काही येत नाही. बाहेरची हवा आत शिरते आणि निर्वात बिघडवते. म्हणून निर्वाताखाली ओढणाऱ्या पंपांच्या ग्लँडमध्ये मधोमध एक सच्छिद्र कडे बसवून त्यात दाबाचे पाणी सोडीत. हवेला अडवावयाचे ते आपल्याला चालेल अशा दुसऱ्या द्रवाने. पुढील साऱ्या सुधारणांचे मूळ आमच्या मते या युक्तीत आहे; चांगल्या दोरीच्या शोधात ते नाही.

कारण दोरीची मर्यादा लवकरच स्पष्ट झाली होती. 1884 मध्ये पार्सन्सने बनविलेले वाफेचे टर्बाइन मिनिटाला 18,000 फेरे घेत असे. अशा गतीपुढे शाफ्टला घासणारी दोरी टिकणे शक्य नव्हते. तेव्हा स्पर्श टाळणारी, वाफेला वळणावळणांतून नेऊन दमविणारी चक्रव्यूहासारखी रचना आली. मोठ्या वायुसंपीडकांत, म्हणजे काँप्रेसरांत, तीही पुरी पडेना, कारण थोडीशी गळती तिच्यात गृहीतच असते. तेथे दोन कड्यांच्या मध्ये वायूपेक्षा किंचित अधिक दाबाचे तेल ठेवण्याची पद्धत रूढ झाली. वायू अडला खरा. पण तो तेलात विरघळू लागला आणि तेलातून वेगळा होताना वातावरणात सोडला जाऊ लागला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे अशा तेलाच्या सीलमागे मिनिटाला 40 ते 200 घनफूट मिथेन जातो. 1970 च्या दशकात व्यवहारात आलेल्या कोरड्या वायुसीलमध्ये हे प्रमाण अर्ध्यापासून तीन घनफुटांपर्यंत उतरले. त्यात फिरत्या कड्यावर कोरलेल्या सूक्ष्म चरांमुळे वायूचाच काही मायक्रॉन जाडीचा पडदा तयार होतो आणि दोन कडी एकमेकांना स्पर्श न करता राहतात. त्यासाठी वायू मात्र स्वच्छ व कोरडा हवा. इतक्या अरुंद फटीत धूळ किंवा द्रवाचा थेंब शिरला की सील गेलेच.

1974 मध्ये मुंबई हायचा शोध लागल्यानंतर नैसर्गिक वायूच्या मोठ्या काँप्रेसरांशी महाराष्ट्राचा संबंध वाढला तो प्रामुख्याने किनारपट्टीवर. नगर जिल्ह्यात हा विषय आला तो उसाच्याच वाटेने. 5 ऑक्टोबर 2025 रोजी कोपरगाव येथील सहकार महर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्याच्या संपीडित जैववायू प्रकल्पाचे उद्घाटन केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाले. प्रकल्पाची क्षमता दिवसाला 12 टन वायूची सांगण्यात आली.

या आकड्याचा यंत्राच्या दृष्टीने अर्थ पाहू. दिवसाला 12 टन म्हणजे तासाला 500 किलो, सामान्य दाबाखाली सुमारे सातशे घनमीटर. शुद्ध केलेला वायू मात्र 200 ते 250 बार दाबाने भरावयाचा असतो. इतक्या अल्प आकारमानाला व इतक्या मोठ्या दाबाला चक्रगती काँप्रेसर उपयोगी नाही. साधारणतः दट्ट्याचा काँप्रेसरच घ्यावा लागतो. मग अद्ययावत म्हणून ज्याचा लौकिक आहे ते कोरडे वायुसील येथे अप्रस्तुत ठरते, कारण त्याला वेगाने फिरणारा शाफ्ट हवा आणि येथे दांडा मागेपुढे सरकतो. पुन्हा वॉटच्याच दांड्यापाशी आपण येतो. फरक इतकाच की, तागाच्या जागी टेफ्लॉनच्या तुकड्यातुकड्यांची कडी येतात आणि त्यांतून निसटलेला वायू नळीने सुरक्षित जागी नेला जातो. हवे तेथे मध्ये नायट्रोजन सोडतात. निर्वात पॅनच्या पंपांतील पाण्याचेच हे काम.

प्रकल्पाच्या कच्च्या वायूच्या बाजूस निवड अधिक कठीण आहे. तेथे दाब थोडा, यंत्र फिरते, पण वायू ओला आणि मळीतील सल्फेटांमुळे हायड्रोजन सल्फाइडने भरलेला. विक्रीच्या वायूत हे द्रव्य घनमीटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक 16087 सांगते; कच्च्या वायूत ते शेकड्यात मोजावे लागू शकते. दशलक्षांत शंभर भागांच्या सुमारास घ्राणेंद्रिय बधिर होते, म्हणजे धोका वाढला असता कुजक्या अंड्यांचा वास येईनासा होतो. दाब थोडा आहे म्हणून येथे स्वस्त एकेरी सील घेण्याचा मोह पडतो, आणि निवडीचा आरंभ दाबापासून करणाऱ्या कोष्टकात तेच उत्तर निघते. आमच्या मते आरंभ वायूपासून करावयास हवा : तो माणसाला काय करील, ओलावा किती, आणि निसटलाच तर कोठे जाईल. या प्रश्नांनी पाहिले तर दुहेरी सील व मध्ये स्वच्छ अडसरद्रव हीच निवड कच्च्या बाजूस योग्य ठरते, जरी तिची किंमत अधिक असली आणि त्या द्रवाचा दाब पाहण्यास पाळीवर एक माणूस बांधला गेला तरी.