तंजावरच्या राजाचा गोरा मास्तर

आपल्या इंटरनॅशनल सिटीत चायना क्लस्टर आहे आणि शेजारी ड्रॅगन मार्ट, त्यामुळे चीनची आठवण काढायला आपल्याला वेगळे निमित्त लागत नाही. चीनच्या शेवटच्या बादशहावरचा 'द लास्ट एम्परर' हा १९८७ सालचा चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात लहान बादशहा पूयी याला शिकवायला एक गोरा मास्तर येतो. हे पात्र काल्पनिक नाही. रेजिनाल्ड जॉन्स्टन नावाचे स्कॉटिश गृहस्थ १९१९ साली खरोखरच बीजिंगच्या राजवाड्यात शिक्षक म्हणून रुजू झाले. पूयी तेव्हा १३ वर्षांचा होता. त्याचे राज्य १९१२ सालीच गेले होते. वाड्याच्या भिंतींच्या आत तेवढा तो बादशहा होता. मास्तरांनी त्याला इंग्रजी शिकवले, चष्मा लावायला लावला, बाहेरच्या जगाची ओळख करून दिली. १९२४ साली पूयीला वाड्यातून बाहेर काढण्यात आले आणि पुढे तो जपान्यांच्या हातातले बाहुले बनला.

ही गोष्ट ऐकताना आपल्याला वाटते, हे सगळे दूरचे. पण त्याच्या सव्वाशे वर्षे आधी असाच एक गोरा मास्तर एका मराठी राजपुत्राला लाभला होता, आणि तोही महाराष्ट्रापासून दूर, तमिळ मुलखात.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. त्यांच्या वंशातले तुळजाराजे १७८७ साली मरणशय्येवर होते. पोटी वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनी भोसले घराण्यातला एक मुलगा दत्तक घेतला. हाच सरफोजी. जन्म १७७७ चा, म्हणजे वय जेमतेम नऊ-दहा वर्षांचे.

तुळजाराजांनी मुलाचा सांभाळ करण्याची विनंती कोणाला केली? ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला. श्वार्ट्झ १७५० साली डॅनिश मिशनतर्फे दक्षिणेत आले आणि पुन्हा मायदेशी गेले नाहीत. तमिळ त्यांना उत्तम येत असे. त्यांच्या सचोटीचा लौकिक एवढा की १७७९ साली इंग्रजांनी हैदरअलीकडे बोलणी करायला त्यांनाच पाठवले होते.

श्वार्ट्झसाहेबांनी तुळजाराजांना सुचवले की मुलाचा सांभाळ आणि कारभार राजांचे भाऊ अमरसिंग यांच्याकडे द्यावा. पुढे घडले भलतेच. पंडितांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरवले, कंपनी सरकारने अमरसिंगांना राजा केले आणि सरफोजी जवळजवळ कोंडवाड्यात पडला. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे त्याची कैफियत मांडली आणि पाठपुरावा केला. १७९३ साली सरफोजी व तुळजाराजांच्या राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याने त्याचे शिक्षण पुढे चालवले. अखेर पंडितांची मते पुन्हा घेऊन दत्तकविधान वैध ठरले आणि जून १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर बसले. तो दिवस पाहायला श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले होते.

गादी मिळाली खरी, पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे पूयीसारखेच, भिंतींच्या आतले राजेपण! इंग्रजांची मर्जीही राखावी लागे. नेपोलियनवरच्या त्यांच्या विजयाप्रीत्यर्थ राजांनी समुद्रकाठी 'मनोरा' बांधला, तो अजून उभा आहे.

पण त्या भिंतींच्या आत राजांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी अफाट वाढवला. काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह केलेली टिपणे आजही जपून ठेवलेली आहेत. देवनागरी छापखाना काढून १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. पुण्यात पेशवाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट! 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक राजांनी स्वतः लिहिले. कुरवंजी म्हणजे दक्षिणेकडची भविष्य सांगणारी बाई. तिच्या तोंडी त्यांनी चक्क जगाचा भूगोल घातला आहे. आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली कोरवला, तोही मराठीत.

मास्तर मिशनरी असूनही राजांनी धर्म बदलला नाही, आणि मास्तरांबद्दलची कृतज्ञताही सोडली नाही. श्वार्ट्झ यांच्या थडग्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेतलेला शिष्य त्यात दिसतो. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

सरफोजीराजे १८३२ साली वारले. १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक गेल्यावर कंपनीने राज्य खालसा केले. राज्य गेले, पण ग्रंथालय राहिले. तमिळनाडूतल्या काही घरांतून तंजावरी मराठी अजूनही बोलली जाते.

आपली मुले इथे परक्या शिक्षकांकडून परक्या भाषेत शिकतात, याची आपल्यापैकी अनेकांना धास्ती वाटते. सरफोजीराजांचे उदाहरण सांगते की शिक्षक परका असल्याने विद्यार्थी परका होत नाही. घेतलेली विद्या आपल्या भाषेत उतरवायची सवय सुटली, तर मात्र तो परका होतो. राजांनी जगाचा भूगोल मराठीत आणला. आपणही एवढे करून पाहू या: मुलाने शाळेत इंग्रजीतून शिकलेला भूगोलाचा एक धडा आठवड्यातून एकदा त्याला घरी मराठीतून सांगायला लावावा. शब्द अडले तर आपण पुरवावेत, आपलेही अडले तर मंडळात विचारावेत. आणि सुट्टीत दक्षिणेची सहल ठरलीच, तर बृहदीश्वराच्या भिंतीवरची ती मराठी अक्षरे मुलांना अवश्य दाखवावीत.