घास बत्तीस वेळा : एका उपदेशाचा इतिहास

‘देवाने दात बत्तीस दिले आहेत, म्हणून प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा.’ आपल्यापैकी बहुतेकांनी हा उपदेश लहानपणी ताटावर बसून ऐकलेला आहे आणि पुढे आपल्या मुलानातवंडांना तितक्याच निष्ठेने ऐकवलेला आहे. घाईत जेवणाऱ्याला ‘गाडी सुटतेय का?’ असे विचारण्याची रीतही घरोघर होती. उपदेश करणाऱ्यांपैकी मोजून बत्तीस वेळा चावणारे किती होते, हा प्रश्न आपण विचारला नाही. वडीलधाऱ्यांना तो विचारायचाही नसतो! पण हा आकडा आला कुठून आणि त्यात तथ्य किती, हे पाहायला हरकत नाही. त्यामागचा इतिहास मोठा रंजक आहे.

हे आयुर्वेदातले असणार, असे पुष्कळांना वाटते. चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम सविस्तर दिले आहेत. अन्न गरम असावे, स्निग्ध असावे, बेताने घ्यावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, बोलत-हसत न बसता मन लावून जेवावे. त्यातच वेगाचा नियम आहे. फार भरभर जेवू नये, कारण अन्न भलत्या वाटेने जाते आणि त्याची चव किंवा त्यातला दोष ध्यानात येत नाही. पण चरक एवढ्यावर थांबत नाहीत. फार रेंगाळतही जेवू नये, असे ते बजावतात. तसे केल्याने तृप्ती होत नाही, माणूस जास्त खातो आणि अन्न थंडगार होते. या नियमांत चावण्याची मोजणी कुठेही नाही. आहे तो मधला मार्ग.

मोजणी आपल्याला भेटते ती इंग्लंडात. दात बत्तीस म्हणून चर्वणे बत्तीस, हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावाने सांगितला जात असे. या साध्या घरगुती उपदेशाचा जगभर गाजलेला पंथ केला तो मात्र एका अमेरिकन व्यापाऱ्याने. त्याचे नाव होरेस फ्लेचर.

फ्लेचर यांचा जन्म १८४९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. जपानी कलावस्तूंच्या व्यापारात त्यांनी चांगला पैसा मिळवला, पण चाळिशीच्या सुमारास शरीर सुटले, पचन बिघडले आणि आयुर्विम्याचा अर्जही नामंजूर झाला. पैसा आहे, पण तो उपभोगायला आयुष्य उरते की नाही, अशी अवस्था! तेव्हा, १८९८ मध्ये, त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केला. खरी भूक लागेल तेव्हाच खायचे आणि घास आपोआप गिळला जाईपर्यंत चावायचा. काही महिन्यांत त्यांचे वजन सुमारे ४० पौंडांनी उतरले.

इथपर्यंत सारे ठीक होते. पुढे या गृहस्थांनी त्याचे शास्त्र आणि शास्त्राचा धर्म केला. दूध आणि सूपसुद्धा तोंडात घोळवून ‘चावायचे’, चावून जो चोथा उरेल तो थुंकून टाकायचा. कोवळ्या कांद्याचा एक छोटा तुकडा आपल्याला ७२२ वेळा चावावा लागला, अशी नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. ‘फ्लेचरिझम’ हा शब्द रूढ झाला. बॅटल क्रीक येथील प्रसिद्ध आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी काही काळ ही पद्धत उचलून धरली आणि तिथे चावण्याचे गाणेदेखील म्हटले जाई. कादंबरीकार हेन्री जेम्स कित्येक वर्षे फ्लेचरचे निष्ठावंत अनुयायी होते, पण शेवटी पोटाच्या तक्रारींनी बेजार होऊन त्यांना हा नाद सोडावा लागला. त्यांचे बंधू, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, यांनी तर काही महिन्यांतच हात टेकले. चोथा टाकून देणाऱ्यांच्या पोटाचे काय होणार, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीने सांगितले असते.

तरीही फ्लेचर यांना वेड्यात काढून मोकळे होता येत नाही. येल विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ रसेल चिटेंडन यांनी १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले आणि त्यांच्या आहाराचे मोजमाप केले. त्या काळच्या जर्मन मानकानुसार कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने लागत. पन्नाशी ओलांडलेले फ्लेचर सुमारे ४५ ग्रॅमांवर ठणठणीत होते आणि व्यायामशाळेतल्या कसोट्यांतही मागे पडत नव्हते. चिटेंडन यांनी पुढे सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी यांच्यावर महिनोन्‌महिने प्रयोग करून १९०४ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कमी प्रथिनांवरही माणूस सशक्त राहतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे चावण्याच्या वेडातून आहारशास्त्राला एक मोलाची दिशा मिळाली. पण ती प्रथिनांविषयीची होती, चावण्याच्या आकड्याविषयीची नव्हे.

चावण्याविषयीचे उत्तर मिळायला शंभर वर्षे जावी लागली. पोट भरल्याची वर्दी मेंदूला लगेच पोचत नाही. जठर ताणले जाते, अन्न आतड्यात उतरते, तिथून संप्रेरके रक्तात मिसळतात, मग ‘पुरे’ असा निरोप जातो. यात साधारण पंधरा-वीस मिनिटे जातात. दहा मिनिटांत ताट रिकामे करणाऱ्याला हा निरोप हात धुतल्यावर मिळतो. २००८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात ३० निरोगी स्त्रियांना एकच पदार्थ एकदा भरभर आणि एकदा सावकाश खायला दिला. भरभर खाताना सुमारे ९ मिनिटांत ६४६ कॅलरी पोटात गेल्या. सावकाश खाताना २९ मिनिटे लागली, पण कॅलरी ५७९ च गेल्या. शिवाय सावकाश खाणाऱ्यांना समाधान अधिक वाटले. चीनमध्ये २०११ साली तरुणांना घास १५ ऐवजी ४० वेळा चावायला लावले, तेव्हा खाणे सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

फरक आहे, पण चमत्कार नाही. ६७ कॅलरी म्हणजे जेमतेम एक फुलका. २०१४ मधील एका अमेरिकन प्रयोगात तर लठ्ठ व्यक्तींच्या बाबतीत हा फरक नाव घेण्याजोगा निघालाच नाही. मात्र तासाभरानंतरची भूक सावकाश जेवणाऱ्या सर्वांनाच कमी वाटली.

चावणाऱ्याइतकेच महत्त्व ताटातल्या पदार्थालाही आहे. १९७७ साली ब्रिटनमध्ये दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला आणि समाधान सर्वांत कमी त्यानेच दिले. आपल्या इंदुरात सकाळी पोहे-जिलबी उभ्या उभ्या आणि रात्री सराफ्यात पुन्हा उभ्या उभ्या, अशी रीत आहे. तिच्यावर आमचेही प्रेम आहेच. पण मऊ, गोड, तळलेले आणि घाईचे हे चारही एकत्र आले की ‘पुरे’ म्हणणारा निरोप मागे पडतो. घरटी एक तरी मधुमेही असण्याच्या या दिवसांत ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

फ्लेचर यांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये अन्नान्न दशा झाली असताना हर्बर्ट हूवर यांच्या मदत-आयोगाचे मानद आहारसल्लागार म्हणून त्यांनी काम केले. नीट चावा म्हणजे थोडक्यात भागेल, हेच त्यांचे तिथेही सांगणे होते. १९१९ च्या जानेवारीत कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. सुखवस्तू माणसाला ज्या उपदेशाने तारले, तो उपाशी माणसाच्या किती कामाचा? ताटात पुरेसे असेल आणि हाताशी वेळ असेल, तरच सावकाश जेवण्याला अर्थ आहे.

आपल्या पूर्वजांच्या पंगतीत हा वेळ आपोआप मिळत असे. सर्वांना वाढून झाल्याशिवाय सुरुवात नाही, सर्वांचे आटोपल्याशिवाय उठणे नाही. आधी वरणभात, मग पोळी-भाजी, पक्वान्न, मसालेभात आणि शेवटी ताकभात. प्रत्येक वाढपाच्या मध्ये थांबणे आलेच. यजमान फिरत फिरत म्हणायचे, ‘सावकाश होऊ द्या!’ बत्तीस आकडे मोजण्याचे काम त्या तीन शब्दांत होत असे. अर्थात, आग्रह करकरून ती कमाई जिलबीत घालवण्याची सोयही तिथेच होती, हे मान्य करायला हवे.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘सावकाश होऊ द्या’ हे पंगतीला बसलेल्यांना म्हटले गेले. स्वयंपाकघरात शेवटी उरलेसुरले घेऊन, पुढच्या कामाकडे डोळा ठेवून चार घास पोटात ढकलणाऱ्या आमच्या आज्यांना, आयांना ते क्वचितच कोणी म्हटले. त्यांचा वेळ खर्ची पडला म्हणून इतरांना सावकाशी मिळाली.

यंदाच्या महाप्रसादाला बुफेची रांग असेल, आणि शेकडो माणसांची सोय पाहता ती असणे योग्यच आहे. पण उत्सवातला एक दिवस तरी पंगत मांडावी, वाढायला पुरुष मंडळी आणि तरुण मुले असावीत, आणि पहिल्या पंगतीला ज्यांनी आजवर शेवटी जेवण केले त्या साऱ्या जणी बसाव्यात, एवढे आम्ही सुचवतो. त्यांच्यासमोरून तुपाचे भांडे फिरवताना म्हणायचे काय, ते सर्वांना पाठ आहेच.