इंजिनाची श्वासनळी

चाळीसएक वर्षांपूर्वीं मिरजेकडील एका मळ्यांत मीं एक लहानसा अपघात पाहिला. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या एका आंखूड नळींतून तेलकट धूर येई, आणि मालकाच्या धुतलेल्या धोतरावर थेंब उडत. त्यानें वैतागून नळींत चिंधीचा बोळा कोंबला. तासाभरांत दांड्याच्या टोकाचें ऑइलसील सुटून तेल भळभळां वाहूं लागलें. उसाचें पाणी तसेंच राहिलें, आणि मालक मिस्त्रीला आणावयास पायीं निघाला. या नळीला मिस्त्री ब्रीदर म्हणतात. आपण तिला श्वासनळी म्हणूं.

हीच गोष्ट आकाशांत घडली, तर पायीं जाण्याची सोय नसते.

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्याचे कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, हें आपण वाचलें असेल. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें गच्चीवरून उतरवून ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत मांडलें गेलें, नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंदणी झाली, आणि उड्डाणाची चांचणी २०२० मध्यें धुळ्यास झाली. मधल्या वर्षांचा पुष्कळांस राग येतो, मलाहि येतो. तरी घरीं विमान बांधणाराला पंखांइतकीच नळ्यांचीहि काळजी वाहावी लागते, हें विसरतां येत नाहीं. अशा सर्वच विमानांत फार दुर्लक्षित राहणारी नळी ती ही.

दट्ट्याच्या रिंगा कितीहि चांगल्या असोत, जळलेला थोडा वायु त्यांच्या बाजूनें निसटून खालीं क्रँककेसमध्यें उतरतोच. हवेनें थंड होणाऱ्या विमानी इंजिनांत तापल्यावर भाग फुगतात, म्हणून फटी मुळांतच सैल ठेवलेल्या. तेव्हां गळतीहि अधिक. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. त्यांतली थोडी वाफहि आंत शिरते, आणि बाहेर न पडली तर तेलांत आम्ल होऊन पोलाद कुरतडते.

पहिल्या महायुद्धांतील ‘नोम’ आणि ‘ल रोन’ या फिरत्या इंजिनांना तेल सांभाळण्याची चिंताच नव्हती. त्यांतलें एरंडेल एकदां आंत गेलें कीं परत येत नसे. तें धुराबरोबर बाहेर फेकलें जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर उडे. (आमच्या आजीच्या हातून सुटलेल्यांना तें विमानांत भेटलें म्हणावयाचें!) पुढें तेंच तेल पुनःपुन्हा फिरविणारीं इंजिनें आलीं, आणि वाफ जावी पण तेल राहावें असा पेंच उभा राहिला. मोटारींची श्वासनळी कित्येक वर्षें रस्त्यावरच धूर सोडी. १९६१ सालच्या कॅलिफोर्नियांतील नव्या मोटारींपासून ती वाफ पुन्हा इंजिनांतच ओढून जाळण्याची व्यवस्था आली. विमानांत मात्र बहुधा उघडी नळीच चालू राहिली.

तेथेंच धोका आहे. पौषांतल्या पहाटे साताऱ्यास बारा अंश असले, तर तेथून तीन हजार मीटर वर शून्याखालीं सात-आठ अंश भरतात. नळीच्या टोकाशीं वाफेचें पाणी, पाण्याचें बर्फ. आणि मग बर्फानें तेंच केलें, जें मळ्यांत चिंधीनें केलें.

म्हणून जाणते कारागीर नळी ऐसपैस घेतात. तिला सतत उतार देतात, कारण मध्यें झोळ पडला तर पाणी सांचून गोठतें. थंड वाऱ्यांत तिचें टोक शक्य तेवढें थोडें बाहेर ठेवतात. वाटेंत एक डबी बसवून तेल वेगळें काढतात. मात्र त्यांतलें पाणीमिश्रित तेल तसेंच इंजिनास परत देणें मला धोक्याचें वाटतें. कोणी नळी धुराच्या नळकांड्याला जोडतात. पोट स्वच्छ राहतें खरें, पण काजळीनें तोंड बुजलें कीं मूळचीच आपत्ति उभी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाहेरचें तोंड गोठलें तरी श्वास सुटावा म्हणून नळीला इंजिनाच्या झांकणाच्या आंत, उबेंत, पाडलेलें एक लहान भोंक. शिस्तीचा वैमानिक हिंवाळ्यांतील पहिल्या उड्डाणापूर्वीं त्यांत तार घालून तें मोकळें आहे ना, हें पाहून घेतो.