फोटोतून बाहेर राहिलेला गुराखी

मागच्या आठवड्यात मी इथे एका लग्नाचा फोटो टाकला होता. केनियातल्या मसाई माराजवळचं माळरान, बाभळीचं एकटं झाड, त्याखाली नवरा-नवरी आणि मागे क्षितिजापर्यंत पिवळं गवत. खाली लिहिलं होतं, 'माणसाचा स्पर्श न झालेली आफ्रिका'. तुम्ही भरभरून कौतुक केलंत. पण ती ओळ खोटी आहे, म्हणून ही पोस्ट. लांब झालीय, सवडीने वाचा.

नवरी आपल्या पुण्याची, नवरा नैरोबीचा गुजराती. वाऱ्याने अंतरपाट सारखा उडत होता, मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांनी तो खालून ओढून धरला. धूळ अशी की उघड्यावर लेन्स बदलणं शक्यच नव्हतं, म्हणून दोन कॅमेरे गळ्यात. आणि विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य झपकन बुडतो. जोडप्याच्या फोटोंसाठी सोनेरी उजेडाची जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं हातात.

नेमका तेव्हाच मागून लाल शुका पांघरलेला एक पोरगा गाई घेऊन आला. लग्नाचं नियोजन बघणाऱ्या बाई ओरडल्या, "त्याला हटवा, जंगलाचा फील जातोय!" मी एक क्लिक आधीच केला होता. मग थांबलो, गाई गेल्यावर दुसरा घेतला. तोच तुम्ही पाहिलात. गंमत म्हणजे त्याच रात्री जोडप्याच्या एंट्रीला लाल शुकातली दहा माणसं उड्या मारायला हवी होती!

आमचा गाइड स्वतः मसाई. जेवताना शांतपणे म्हणाला, "तो जिथून गाई नेत होता ती जमीन त्याच्या घरचीच आहे." माराच्या सरकारी राखीव क्षेत्राला लागून ज्या कॉन्झर्व्हन्सी आहेत, त्यातली बरीच जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. पर्यटन कंपन्या ती भाड्याने घेतात, भाडं घरोघरी जातं आणि ठरवून दिलेल्या भागात गुरंही चरतात. म्हणजे पाहुणे आम्ही होतो, आणि घरमालकाला बाजूला हो म्हणत होतो.

परत आल्यावर वाचत बसलो. १८९० च्या दशकात बुळकांडीने मसाईंची गुरं मेली, देवीच्या साथीत माणसं गेली. त्याच सुमाराला, १८९६ ते १९०१, इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रेल्वेच्या दोन्ही अंगांना सुपीक जमीन होती आणि ती गोऱ्या वसाहतवाल्यांना हवी होती. (ती हिंदी माणसालाही मिळत नव्हती, हे जाता जाता.) १९०४ मध्ये मसाईंशी करार झाला : रिफ्ट खोऱ्यातली कुरणं सोडा, उत्तरेला लायकिपिया आणि दक्षिणेला एक पट्टा तुमचा, मसाई जमात असेपर्यंत. जमात होती तिथेच होती, करार मात्र सात वर्षं टिकला. १९११ मध्ये दुसरा करार करून लायकिपियाही काढून घेतलं. मसाई कोर्टात गेले. १९१३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. कारण काय, तर मसाई हे ब्रिटिश प्रजा नव्हेत, हे दोन सत्तांमधले तह आहेत, त्यात कोर्टाला पडता येत नाही! जमीन घेताना प्रजा आणि दाद मागताना परके.

मारा याच दक्षिणेच्या पट्ट्यात येतं. सीमेपलीकडे टांझानियात सेरेंगेटी. तिथली गोष्ट माझ्या धंद्याशी जास्त जवळची. बर्नहार्ड ग्झिमेक हे फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख. मुलगा मिखाएलला घेऊन, झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या विमानातून त्यांनी सेरेंगेटीतले प्राणी मोजले आणि चित्रपट केला. १९५९ च्या जानेवारीत गिधाड विमानावर आदळून मिखाएल गेला. चित्रपटाला ऑस्कर मिळालं. ग्झिमेक यांचं म्हणणं स्पष्ट होतं की राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, तिथला रहिवासीसुद्धा नको. त्याच वर्षी मसाईंना सेरेंगेटीतून उठवून शेजारच्या एन्गोरोंगोरो भागात हलवलं. एकट्या चित्रपटामुळे हे झालं नाही, वसाहती सरकारचं आधीपासून चाललंच होतं. प्राणी वाचवण्याची त्यांची तळमळही खरी होती. पण रिकामं, निर्मनुष्य माळरान म्हणजेच खरी आफ्रिका, हे चित्र जगाच्या डोळ्यात बसवणाऱ्यांत कॅमेरा पुढे होता. आणि मी २०-२५ मिनिटांच्या उजेडात तेच केलं, तेही हळद-कुंकवाच्या पार्श्वभूमीसाठी.

कोणी म्हणेल, लग्नाचा फोटो आहे, एवढं काय. मीही तिथे मनाशी हेच म्हटलं होतं. मेळघाटात वाघाचे फोटो काढताना तिथून उठलेल्या गावांबद्दल तरी कुठे कोणाला विचारलं होतं मी?

जुनी ओळ काढून टाकलीय. नवरा-नवरीला विचारून पहिला फोटो खाली देतोय, गाई आणि पोरासकट. नवरीला तर हाच जास्त आवडला. पोराच्या घरच्यांना गाइडमार्फत विचारलं. हरकत नाही म्हणाले, फक्त एक मोठी प्रिंट पाठवा आणि त्यात गाई सगळ्या दिसू द्या. डावीकडच्या दोन अर्ध्या कापल्या गेल्यात. ती चूक माझी.